प्रदर्शनांची स्मृतिपदके : सोने, सोनेरी आणि सोन्याचे पाणी

कसबा पेठ (धागाकर्ती)

आमच्या घरी खंडेनवमीला पाटावर जी पूजा मांडतात, तीत आजोबांचा तराजू, वडिलांचा टाइपरायटर आणि एक सोनेरी पदक असते. पणजोबांचे धाकटे बंधू पहिल्या महायुद्धाच्या सुमारास शिक्षणासाठी कॅलिफोर्नियात होते आणि परत येताना त्यांनी हे पदक आणले, एवढे नक्की आहे. बाकीची सगळी कथा 'काकाआजोबांना अमेरिकेत सुवर्णपदक मिळाले' या एका वाक्यात मावते, आणि ते कशाबद्दल मिळाले असे विचारले की घरातला प्रत्येक जण वेगळे उत्तर देतो.

पदकाचा व्यास ३८ मिलिमीटर आहे. एका बाजूला उघड्या अंगाचा एक पुरुष कालव्याचे दरवाजे उघडतो आहे आणि पलीकडून शिडाचे जहाज येते आहे. दुसऱ्या बाजूला एकमेकींना बिलगलेल्या, जणू हवेत तरंगणाऱ्या दोन स्त्रिया आहेत. रोमन आकड्यांत १९१५ हे साल आहे. खोलगट भागांत रंग अजून झळझळीत पिवळा आहे, मात्र पुरुषाचा खांदा आणि स्त्रियांचे गुडघे अशा उंच जागी तो तांबूस झाला आहे. अक्षरांच्या फटींत कित्येक वर्षांचे कुंकू बसले आहे.

गेल्या महिन्यात मी ते एका सराफी दुकानात नेले. त्यांच्या कॅरेट मोजण्याच्या यंत्रावर एका जागी सोने ४१ टक्के आले आणि अर्ध्या बोटावर दुसऱ्या जागी २३ टक्के आले. 'वितळवून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही,' असे दुकानातले गृहस्थ म्हणाले, तेव्हा मी पदक उचलले आणि घरी आले.

या निमित्ताने मला नाद लागला आणि जुन्या बाजारातून मी आणखी दोन पदके घेतली. पहिले १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाचे आहे. त्यावर काचमहालाचे चित्र असून वरच्या कडेला भोक पाडलेले आहे, आणि विक्रेत्याने ते चांदीचे म्हणून दिले. दुसऱ्यावर तिसऱ्या नेपोलियनचे मस्तक असून ते पॅरिसच्या १८६७ च्या प्रदर्शनाचे आहे. तेही रुपेरी आहे आणि तेही मला चांदीचे म्हणूनच मिळाले. ही तीन पदके खरोखर कशाची आहेत, हे त्यांना इजा न करता कसे ओळखावे?

सांता क्लारा

ताई, तुमचे पहिले पदक मी वर्णनावरूनच ओळखले, कारण त्याची तिन्ही भावंडे माझ्या टेबलाच्या खणात आहेत. सॅन फ्रान्सिस्को येथे २० फेब्रुवारी ते ४ डिसेंबर १९१५ या काळात पनामा-पॅसिफिक आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. पनामा कालवा ऑगस्ट १९१४ मध्ये खुला झाला होता आणि १९०६ च्या भूकंपात बेचिराख झालेले शहर पुन्हा उभे राहिले होते. या दोन्हींचा तो उत्सव होता. तुमचे पदक हे त्या प्रदर्शनाचे अधिकृत स्मृतिपदक आहे. शिल्पकार रॉबर्ट एटकिन यांनी ते घडवले, आणि त्याच प्रदर्शनासाठी काढलेले पन्नास डॉलरचे सोन्याचे नाणेही त्यांचेच आहे. दरवाजे उघडणारा पुरुष म्हणजे रोमन देव मर्क्युरी आणि त्या दोन स्त्रिया म्हणजे पृथ्वीचे दोन गोलार्ध.

आता मुद्द्याची गोष्ट. अमेरिकेच्या टांकसाळीने प्रदर्शनात आपले दालन मांडले होते आणि हे पदक तिथेच ठोकून लोकांना विकले जात असे. ते तीन प्रकारांत निघाले : चांदी, ब्राँझ आणि ब्राँझवर सोन्याचा मुलामा. अमेरिकेतील संग्राहक डॉलरच्या आकाराच्या अशा पदकांना 'सो-कॉल्ड डॉलर' म्हणतात. हिबलर आणि कॅपन यांच्या १९६३ च्या सूचीत या तिघांना अनुक्रमे ३९९, ४०० आणि ४०१ हे क्रमांक आहेत. तुमचे पदक बहुधा ४०१ आहे. स्पर्धकांना बक्षीस म्हणून दिलेले पदक निराळे होते, ते जॉन फ्लॅनागन यांनी घडवले होते. त्यामुळे काकाआजोबांनी हे पदक जिंकले नसावे, खिडकीवर पैसे मोजून घेतले असावे. हे लिहिताना मला थोडे वाईट वाटते आहे.

धातुशास्त्र

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात धातुशास्त्र शिकवत असे. यंत्राने दोन जागी दोन आकडे दिले, हीच तुमच्या हाती असलेली सर्वांत महत्त्वाची माहिती आहे. सराफाकडचे यंत्र धातूवर क्ष-किरण सोडते आणि धातूतून उलट येणाऱ्या किरणांवरून त्यात काय काय आहे ते सांगते. हे किरण फार खोलवरून परत येत नाहीत, वरच्या काही मायक्रॉनांचाच हिशेब लागतो. अंगठी आतून-बाहेरून एकसारखी असेल तर आकडा विश्वासार्ह असतो. पण वर सोन्याचा पापुद्रा आणि खाली तांबे असेल, तर यंत्र दोन्हींची सरमिसळ करून एक टक्केवारी दाखवते. जिथे पापुद्रा जाड तिथे ४१, जिथे घासला गेला तिथे २३. एकजिनसी मिश्रधातूत असा फरक पडला नसता. थोडक्यात, यंत्राने तुम्हाला 'हा मुलामा आहे' असेच सांगितले, पण ते टक्क्यांच्या भाषेत सांगितले.

आता घरी करण्याजोगी परीक्षा सांगतो. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा आणि प्रथम पदकाचे कोरडे वजन करावे. मग काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. पदक बारीक दोऱ्याला बांधून हाताने असे धरावे की ते पूर्ण बुडेल, पण तळाला वा काठाला टेकणार नाही. आता काट्यावर जो आकडा दिसेल, तेवढे ग्रॅम पाणी पदकाने बाजूला सारलेले असते. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागले की धातूची घनता मिळते. नक्षीत अडकलेले हवेचे बुडबुडे उत्तर बिघडवतात, म्हणून पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकावा. नंतर पदक साध्या पाण्यातून काढून मऊ सुती कापडाने टिपावे. टिपावे असे मुद्दाम म्हणतो आहे, पुसू नये.

पडताळ्यासाठी आकडे देतो. शुद्ध सोने १९.३, चांदी १०.५, तांबे ८.९६, पदकांचे ब्राँझ साधारण ८.८, पितळ ८.४ ते ८.७, कथील ७.३, जस्त ७.१ आणि ॲल्युमिनियम २.७.

कसबा पेठ (धागाकर्ती)

सर, काल रात्री जेवणे झाल्यावर ओट्यावर हा प्रयोग केला. आई शेजारी उभी होती आणि 'बुडवू नकोस, पाणी उतरेल' असे सारखे म्हणत होती. माझ्या नोंदी अशा आहेत.

सॅन फ्रान्सिस्को : कोरडे वजन २५.६ ग्रॅम, पाण्यातला आकडा २.९, भागाकार ८.८३.
लंडन १८५१ : वजन २४.९, आकडा ३.४, भागाकार ७.३२.
पॅरिस १८६७ : वजन ६२.०, आकडा ७.०, भागाकार ८.८६.

म्हणजे तिन्हींत सोने नाही आणि चांदीही नाही, असेच समजायचे ना?

धातुशास्त्र

होय. सॅन फ्रान्सिस्कोचे पदक बावीस कॅरेटचे असते तर तेवढ्याच आकारमानाला वजन पन्नास ग्रॅमच्या वर गेले असते. पॅरिसचे चांदीचे असते तर बहात्तर-त्र्याहत्तर ग्रॅम भरले असते. मात्र या परीक्षेची मर्यादाही ध्यानात घ्यावी. २.९ हा आकडा खरोखर २.८५ असेल किंवा २.९५ असेल, आणि तेवढ्याने तुमचे उत्तर ८.७ ते ९.० यांच्यामध्ये कुठेही जाऊ शकते. त्यामुळे सोने आणि चांदी बाद होतात, परंतु तांबे की ब्राँझ की तांब्याचे प्रमाण जास्त असलेले पितळ, याचा निवाडा या पेल्यात होत नाही. त्यासाठी झिजलेल्या जागेचा रंग पाहावा लागतो, आणि ते काम माझ्यापेक्षा रोज धातू हाताळणाऱ्याने केलेले बरे.

हुपरी

आमच्या घरात तीन पिढ्या चांदीचे काम आहे, म्हणून दोन शब्द लिहितो.

ताई, सराफाने कसोटीच्या दगडावर घासून तेजाब लावले नाही, हे तुमचे नशीब समजा. दागिना पुन्हा उजळता येतो, पदकावरचा ओरखडा कायमचा राहतो. कडेवर घासले तर कुणाला दिसत नाही, असे आमच्यातलेही काही जण म्हणतात. पण पदकाची ओळख पुष्कळदा कडेवरच लिहिलेली असते.

मुलामा ओळखायचा तर झगझगीत भाग पाहू नये, झिजलेला भाग पाहावा. उंचवट्यावर गुलाबी-तांबूस रंग निघाला तर खाली तांबे किंवा तांबे भरपूर असलेले ब्राँझ आहे, फिका हिरवट-पिवळा निघाला तर पितळ आहे, आणि करडा पांढरा निघाला तर कथिलाचा किंवा जस्ताचा मिश्रधातू आहे. तुमच्या १९१५ च्या पदकावर खांदे आणि गुडघे तांबूस झाले आहेत, म्हणजे खाली ब्राँझ आहे, हे सांता क्लारा यांच्या म्हणण्याशी जुळते. दसऱ्याला ते कशाने घासत होते, हे मात्र विचारून घ्या.

सोन्याचे पाणी दोन तऱ्हांनी चढते. जुनी तऱ्हा पाऱ्याची. सोने पाऱ्यात कालवून त्याचा लोण्यासारखा लेप पदकाला लावत आणि तापवून पारा उडवून देत. सोने मागे राही आणि कारागिराच्या फुप्फुसात पारा राही. दुसरी तऱ्हा विजेची. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये तिचे पेटंट घेतले, आणि त्यानंतर हळूहळू सगळा धंदा तिकडे वळला. पाऱ्याचा थर बहुधा जाड असतो आणि रंगाने किंचित मऊ दिसतो. विजेचा थर फार पातळही देता येतो. नुसत्या डोळ्यांनी छातीठोकपणे फरक सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही. पण १९१५ चे टांकसाळीतले पदक पाऱ्याने मुलामा दिलेले असण्याचा प्रश्नच येत नाही.

लंडनच्या पदकाबद्दल सांगायचे तर ७.३ म्हणजे सरळसरळ कथील. इंग्रज त्याला 'व्हाइट मेटल' म्हणतात. कथिलात थोडे अँटिमनी आणि तांबे मिसळतात. नवे असताना ते चांदीसारखेच चमकते आणि जुने झाले की शिशासारखे करडे पडते. चांदी काळवंडते तेव्हा तिच्यावर आधी पिवळसर, मग निळसर-जांभळी झाक येते, कथिलावर तशी येत नाही. शिवाय ते मऊ असते, त्यामुळे अशा पदकांच्या कडेला चेपल्याच्या खुणा फार सापडतात. वर जे भोक आहे ते तेव्हाच्याच माणसाने कोटाला अडकवण्यासाठी पाडलेले असावे.

सांता क्लारा

१८५१ च्या बाबतीत हुपरी यांना दुजोरा देतो. लंडनच्या हाइड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टन यांच्या काचमहालात ते प्रदर्शन भरले. त्याची अधिकृत पदके ब्राँझची होती आणि त्यांच्या दर्शनी बाजूचे काम विल्यम वायन यांचे होते. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला परवडेल अशी आठवण म्हणून बर्मिंगहॅमच्या ॲलन अँड मूर यांच्यासारख्या कारखान्यांनी कथिली पदके भरपूर काढली, आणि काचमहालाचे चित्र असलेली जी पदके आज बाजारात दिसतात, त्यांतली बरीचशी या जातीची असतात. त्यामुळे 'चांदीचे' म्हणून जास्त पैसे दिले असतील तर ते गेले, पण पदक बनावट आहे असे मुळीच नाही.

१८६७ च्या पदकाची कड मात्र भिंगाखाली पाहा. त्यावर काही कोरलेले आहे का?

कसबा पेठ (धागाकर्ती)

आहे. दहापट दिसणाऱ्या भिंगातून पाहिले तर आधी एक चिमुकला कीटक दिसतो. मला आधी माशी वाटली होती. त्यापुढे सी, यू, आय, व्ही, आर, ई अशी सहा रोमन अक्षरे आहेत. अक्षरांच्या कडांवरही रुपेरी रंग आहे, पण 'व्ही'च्या टोकाशी तो उडाला आहे आणि आत लालसर दिसते.

सांता क्लारा

तुमच्या पदकाची कुंडली त्या सहा अक्षरांत आहे. हा शब्द 'क्विव्र' असा काहीसा उच्चारतात आणि फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ तांबे. चांदीच्या पदकावर तिथे 'आर्जां' असे असते आणि ब्राँझच्या पदकावर ब्राँझ असे. म्हणजे टांकसाळीने स्वतःच कडेवर लिहून दिले होते की हे तांब्याचे आहे. वरचा रुपेरी थर हा मुलामा आहे. विकणाऱ्याने कड वाचली नाही, किंवा वाचूनही सांगितली नाही.

तो कीटक माशी नव्हे, मधमाशी आहे, आणि तिचे महत्त्व अक्षरांपेक्षा जास्त आहे. पॅरिसच्या टांकसाळीने १८३२ पासून पदकांच्या कडेवर खूण ठोकायला सुरुवात केली आणि ठरावीक वर्षांनी ती बदलली. प्रथम १८४१ पर्यंत प्राचीन घाटाचा दिवा होता, मग वर्षभर जहाजाचा नांगर, १८४२ पासून १८४५ पर्यंत जहाजाची नाळ (पुढचे टोक), त्यानंतर १८६० पर्यंत बोट दाखवणारा हात, १८६० ते १८७९ मधमाशी आणि १८८० पासून फळाफुलांनी भरलेले शिंग. या टांकसाळीकडे जुने ठसे जपून ठेवलेले असतात आणि मागणी आली की त्यांवरून नवी पदके ठोकली जातात. दर्शनी बाजूवरचे साल तेच राहते, म्हणून १८६७ चे पदक १९५० साली ठोकलेलेही असू शकते. त्या पदकाच्या कडेवर शिंग असेल. तुमच्या कडेवर मधमाशी आहे, म्हणजे ते १८८० च्या आधीचे आहे आणि प्रदर्शनाच्या काळातले असण्याला काहीच अडचण नाही. हे पदक यूबेर पोंस्कार्म यांनी घडवले आहे.

माझ्या पहिल्या खरेदीत मी हीच चूक केली होती. १८५५ चे पदक म्हणून मोठी रक्कम मोजली आणि घरी येऊन कड पाहिली तर ठसठशीत शिंग. विक्रेत्याने खोटे सांगितले नव्हते, त्याने साल सांगितले होते आणि मी वय समजलो होतो.

मळवली

धाग्याच्या सुरुवातीला 'सुवर्णपदक' हा शब्द आला, त्यावरून एक जुनी गोष्ट आठवली. राजा रविवर्मा यांनी शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी दहा चित्रे पाठवली होती आणि तिथे त्यांना सुवर्णपदके मिळाली, असे आपण सर्रास वाचतो. कुठे दोन, कुठे तीन. आमच्या गावाशी त्यांच्या छापखान्याचा संबंध असल्यामुळे इथे तर ही गोष्ट प्रत्येकाला पाठ आहे. घाटकोपरला १८९४ मध्ये सुरू झालेला तो छापखाना पुढे आमच्याकडे हलवला गेला. पण शिकागोला खरोखर सोन्याची पदके दिली जात होती का?

सांता क्लारा

नव्हती. शिकागोच्या आयोजकांनी पहिला-दुसरा-तिसरा अशी प्रतवारीच ठेवली नव्हती. ज्याचे काम गौरवास पात्र ठरले त्या प्रत्येकाला एकच, ब्राँझचे, साधारण ७६ मिलिमीटर व्यासाचे पदक आणि मानपत्र मिळाले. पुढची बाजू ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांची आहे, तिच्यावर कोलंबस किनाऱ्यावर पाऊल ठेवतो आहे. मागच्या बाजूसाठी त्यांनी एका नग्न कुमाराची आकृती केली होती, तिच्यावर गदारोळ झाला आणि ती बाजू टांकसाळीच्या चार्ल्स बार्बर यांच्याकडून नव्याने करून घेतली गेली. सेंट-गॉडन्स यांनी ते मनाला फार लावून घेतले. पदके कनेक्टिकटमधील स्कोव्हिल कंपनीने तयार केली. हाती पडेपर्यंत १८९६ उजाडले होते आणि ती ॲल्युमिनियमच्या डबीत होती. मागच्या चौकटीत पदक मिळवणाऱ्याचे नाव ठोकलेले असते.

त्यामुळे रविवर्म्यांचा गौरव झाला हे खरे आणि 'सुवर्ण' हे पदकाच्या धातूविषयी म्हणाल तर नव्हे.

मळवली

हे वाचून चित्रे काही फिकी पडत नाहीत. पण आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातले सूत्रसंचालन यंदा मला बदलून लिहावे लागेल.

धातुशास्त्र

त्या ॲल्युमिनियमच्या डबीवर थोडे थांबावेसे वाटते. आज आपण ज्या धातूची डेचकी वापरतो, तो १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात अपूर्वाईची वस्तू म्हणून मांडला होता. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी, एकमेकांना न सांगता, विजेने ॲल्युमिनियम काढण्याची रीत शोधली आणि मग किंमत कोसळली. १८९३ मध्ये हा धातू स्वस्त झालेला होता, पण लोकांच्या लेखी त्याचे नवेपण संपले नव्हते. म्हणून त्या वर्षीच्या प्रदर्शनाची ॲल्युमिनियमची स्मृतिपदके पुष्कळ सापडतात. त्यांना पाण्याची परीक्षा लागत नाही, तळहातावर ठेवताच कळतात.

दुसरे असे की, आपण 'कांस्यपदक' म्हणतो त्या शब्दात एक गफलत आहे. आपल्याकडचे कासे, म्हणजे तळपाय घासायच्या काशाच्या वाटीचा धातू, यात कथिलाचे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास असते. ते खणखणीत वाजते, पण थंड असताना त्यावर ठशाचा दाब दिला तर तडकते. पदकांच्या आणि नाण्यांच्या ब्राँझमध्ये पंचाण्णव टक्क्यांपर्यंत तांबे असते, कथील चारच्या आसपास आणि चिमूटभर जस्त. खऱ्या काशाचे पदक ठोकायला गेलात तर हातात तुकडे येतील. म्हणून मी या धाग्यावर कटाक्षाने ब्राँझ लिहितो आहे.

ब्राँझचा रंग ही आणखी एक फसवी बाब आहे. एकच पदक पिवळट, चॉकलेटी, जवळजवळ काळे किंवा हिरवट असू शकते, आणि धातू मात्र तोच असतो. विसाव्या शतकाच्या आरंभी पदकावर वाळूचा मारा करून त्याची चमक मोडायची, मग गंधकयुक्त द्रावणात बुडवून ते काळे करायचे, आणि शेवटी उंचवट्यांवरचा काळा थर प्युमिस दगडाच्या भुकटीने हलकेच उतरवायचा, अशी रीत रूढ झाली. खोलगट जागी काळोख आणि उंच जागी उजेड असे जे दिसते, ते वयाने आलेले नसते. कारखान्यातून ते तसेच निघालेले असते.

दापोली

माझ्याकडे लंडनच्या १८८६ च्या वसाहती व भारत प्रदर्शनाचे ब्राँझ पदक आहे. त्यावर प्रिन्स ऑफ वेल्सचे मुख आहे आणि काम लिओनार्ड वायन यांचे आहे. रंग गडद चॉकलेटी आहे. यंदाच्या पावसाळ्यानंतर त्यावर दोन ठिकाणी फिकट हिरवी पूड दिसू लागली. ती पुसली की जाते आणि पंधरा दिवसांत पुन्हा येते. शेजारच्या काकूंनी चिंच आणि मीठ सुचवले आहे.

हुपरी

काकूंना नमस्कार सांगा आणि चिंच आमटीत घाला. तो चॉकलेटी रंग म्हणजे मळ नव्हे. इंग्रज कारागीर पदकावर लोहभस्मासारख्या भुकट्या लावून ते तापवत आणि हा तपकिरी थर मुद्दाम आणत. आंबट लावले की तो मिनिटात उतरतो, खालून गुलाबी तांबे निघते आणि पदकाची किंमत निम्म्याच्या खाली जाते. परत तसा थर आणता येत नाही, निदान मला येत नाही.

धातुशास्त्र

आणि मीठ तर मुळीच नको. घट्ट चिकटलेला, गुळगुळीत, गडद हिरवा थर असेल तर तो सहसा स्थिर असतो आणि त्याला हात लावू नये. पण पुसली तरी परत येणारी फिकट हिरवी पूड हे वेगळे दुखणे आहे. धातूच्या आत क्लोराइड (मिठात असते ते) शिरलेले असते आणि दमट हवेत ते तांब्याला कुरतडत राहते. संग्रहालयातील माणसे याला 'ब्राँझचा रोग' म्हणतात. समुद्राची खारी हवा आणि कोकणातला पावसाळा त्याला पोषकच आहेत. पदक इतरांपासून वेगळे ठेवावे, ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात भिजवून ते पाणी दर दिवशी बदलावे, नीट कोरडे करून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. एवढ्याने थांबले नाही तर संग्रहालयाच्या संवर्धकाकडे जावे. त्यांच्याकडची रसायने विषारी असतात, ती घरी आणू नयेत.

हे पदक आतापर्यंत कशात ठेवले होते?

दापोली

नाण्यांच्या अल्बममध्ये, प्लॅस्टिकच्या मऊ खिशात.

सांता क्लारा

मग अर्धा दोष त्या खिशाचाही असेल. मऊ, वास येणारे प्लॅस्टिक हे पीव्हीसी असते. काही वर्षांनी ते आम्ल सोडू लागते आणि धातूवर हिरवा चिकट थर बसतो. कडक, बिनवासाच्या पॉलिस्टरचे खिसे मिळतात, ते घ्यावेत. रबरबँड चांदीजवळ ठेवू नये, कारण त्यातल्या गंधकाने चांदीवर काळा पट्टा उमटतो. माझ्या ३९९ क्रमांकाच्या पदकावर असा पट्टा आहे, आणि तो मीच गुंडाळलेल्या रबराचा आहे.

आणखी एक सांगून ठेवतो, कारण मला व्यक्तिगत निरोपांत विचारणा झाली आहे. ताईंचे पदक इकडे अमेरिकेत पाठवून विकता येईल का, असे कुणी विचारले तर उत्तर 'नाही' असे समजावे. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू भारताबाहेर पाठवण्यावर १९७२ च्या कायद्याने निर्बंध आहेत, आणि १९१५ ला शंभर वर्षे केव्हाच उलटली आहेत.

कसबा पेठ (धागाकर्ती)

विकण्याचा विचारही नाही. पण घरात नवा वाद उभा राहिला आहे. मोठ्या भावाचे म्हणणे असे की, उडालेल्या जागी पुन्हा सोन्याचे पाणी देऊन घ्यावे, म्हणजे यंदा पाटावर बरे दिसेल. शिवाय कुंकवाचे काय करावे? आणि हुपरी यांनी विचारले होते त्याचे उत्तर : आजी ते रांगोळीने घासत असे.

हुपरी

रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, मग गुडघे तांबडे होणारच.

पाणी देऊ नका. माझाच धंदा आहे आणि तरी सांगतो. आमच्याकडे आणलेत तर चढवण्याआधी आम्ही पदक तेजाबात धुणार, मग झळाळी येण्यासाठी बफावर, म्हणजे घासणाऱ्या फिरत्या चाकावर, धरणार, आणि बफाखाली एटकिन साहेबांच्या त्या जहाजाच्या शिडांचे बारीक काम पुसट होणार. वर नवे सोने चढले की १९१५ चे सोने कुठे संपते आणि आमचे कुठे सुरू होते, हे कुणालाच सांगता येणार नाही.

कुंकवाने धातूला तसे काही होत नसेल, पण त्यात ओल धरली तर खाली हिरवे येऊ शकते. एकदा कोमट ऊर्ध्वपातित पाण्यात पदक तासभर ठेवा, जेवढे आपोआप सुटेल तेवढे सुटू द्या, आणि जे उरेल ते राहू द्या. टाचणीने किंवा काडीने कोरू नका. पुढच्या वेळी पूजेला कुंकू पदकावर न वाहता पाटावर वाहावे, असे आईंना सांगून पाहा.

कसबा पेठ (धागाकर्ती)

तासभर ठेवले. पाणी किंचित गुलाबी झाले. अक्षरांच्या फटींतले बरेच कुंकू अजून तिथेच आहे.

पदकासाठी पॉलिस्टरचा खिसा आणला आणि त्यात एक चिठ्ठी घातली : 'पनामा-पॅसिफिक प्रदर्शन, सॅन फ्रान्सिस्को, १९१५. शिल्पकार रॉबर्ट एटकिन. ब्राँझवर सोन्याचा मुलामा. व्यास ३८ मिलिमीटर, वजन २५.६ ग्रॅम. काकाआजोबांनी विकत घेतलेले.' आईने चष्मा लावून चिठ्ठी दोनदा वाचली. मुलाम्याबद्दल ती काहीच बोलली नाही. 'विकत घेतलेले' हे शब्द मात्र खोडायला लावले आणि त्यांच्या जागी 'आणलेले' असे लिहून घेतले.